ॲडिनोव्हायरस हाताशी धरून विषाणूचा अभ्यास कसा करावा

विषाणुशास्त्राचे पाठ्यपुस्तक पहिल्यांदा उघडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर कुळांची, आकारांची आणि आजारांची एक लांबलचक यादी येते. ती पाठ करून परीक्षा देता येते, पण विषाणू कळत नाही. माझ्या मते सुरुवात एकाच विषाणूपासून करावी, त्याला ठरावीक क्रमाने प्रश्न विचारावेत आणि एका प्रश्नाच्या उत्तरातून पुढच्या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढून पाहावे. ॲडिनोव्हायरस या कामाला फार सोयीचा आहे. त्याची रचना बारकाईने ठाऊक आहे, त्याचे पेशीतले वागणे टप्प्याटप्प्याने उलगडले गेले आहे आणि बहुतेक मुलांना वयाच्या दहा वर्षांच्या आत त्याच्या एखाद्या तरी प्रकाराचा संसर्ग होऊन गेलेला असतो. जीवशास्त्राची बारावीपर्यंतची ओळख, जाड कागद, पट्टी, कात्री आणि थोडी चिकाटी एवढ्या तयारीवर पुढचा अभ्यास करता येईल.

त्याच्या शोधाची हकिकत आधी वाचून घ्यावी, कारण तिच्यातली एक बाब शेवटी उपयोगी पडणार आहे. 1953 साली अमेरिकेत वॉलेस रोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मुलांच्या ॲडिनॉइड ग्रंथींच्या, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूला असणाऱ्या ग्रंथींच्या, ऊतींचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवले. बाहेरून कोणताही विषाणू न घालता काही आठवड्यांनी त्यांतल्या पेशी आपोआप नष्ट होऊ लागल्या. विषाणू त्या ऊतींमध्ये आधीपासूनच दडून बसलेला होता. पुढच्याच वर्षी मॉरिस हिलमन आणि वर्नर यांना श्वसनाच्या आजाराने ग्रासलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये याच गटातला विषाणू सापडला आणि 1956 पासून ॲडिनोव्हायरस हे नाव रूढ झाले.

पहिला प्रश्न: बाहेर चरबीचे आवरण आहे का?

प्रत्येक विषाणूत जनुकद्रव्य असते आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच असते. काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या पटलाचा तुकडा स्वतःभोवती गुंडाळून घेतात. इन्फ्लुएन्झा, कोरोना, नागीण, एचआयव्ही हे सारे असे आवरण असलेले विषाणू आहेत. पेशीला चिकटण्याची त्यांची प्रथिने याच चरबीयुक्त पटलात रोवलेली असतात, त्यामुळे साबणाने किंवा अल्कोहोलने पटल विरघळले की तो विषाणू निकामी होतो. ॲडिनोव्हायरसला असे आवरण नाही. त्याचे प्रथिनांचे कवच हेच त्याचे सर्वांत बाहेरचे अंग असते.

आवरण नसलेला विषाणू दुबळा असावा असे विद्यार्थ्यांना वाटते, पण प्रत्यक्षात उलट घडते. चरबीच नसल्यामुळे ईथरसारख्या द्रावकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, कोरड्या पृष्ठभागावर तो आठवडेच्या आठवडे टिकू शकतो आणि जठरातल्या आम्लातूनही सुखरूप पुढे सरकू शकतो. वहीत या उत्तराखाली तीन अनुमाने लिहून ठेवावीत: स्पिरिटचा भरवसा धरू नये, टॉवेल आणि दाराची कडी यांच्यापासून सावध राहावे आणि हा विषाणू आतड्यापर्यंत पोहोचत असला पाहिजे. पुढे ही तिन्ही अनुमाने तपासता येतील.

दुसरा प्रश्न: कवच कसे रचले आहे?

येथे कागद आणि कात्री घ्यावी. ॲडिनोव्हायरसचे कवच विंशतिफलक असते, म्हणजे त्याला समभुज त्रिकोणाच्या आकाराचे 20 पृष्ठभाग, 30 कडा आणि 12 टोके असतात. जाड कागदावर 10 सेंटीमीटर बाजूचे 20 समभुज त्रिकोण एकमेकांना जोडून काढावेत. मधल्या पट्टीत एक सुलट आणि एक उलट असे दहा, तिच्या वरच्या बाजूला पाच आणि खालच्या बाजूला पाच. कापून घडी घालण्यापूर्वी प्रत्येक त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूवर दर 2 सेंटीमीटरला खूण करावी, म्हणजे दोन्ही टोके धरून एका बाजूवर सहा खुणा होतील. मग समोरासमोरच्या खुणा बाजूंना समांतर रेषांनी जोडाव्यात. त्रिकोणाच्या आत रेषा जेथे एकमेकींना छेदतात असे सहा बिंदू मिळतील.

आता मोजणी करावी. 12 टोकांवर 12 बिंदू. प्रत्येक कडेवर टोके सोडून चार बिंदू, म्हणजे 30 कडांवर 120. प्रत्येक पृष्ठभागाच्या आत सहा, म्हणजे 20 पृष्ठभागांवर 120. एकूण 252. ॲडिनोव्हायरसच्या कवचात नेमके एवढेच घटक असतात आणि 1959 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र मिळाले तेव्हाही हाच आकडा निघाला होता. पुस्तकांत हा आकडा तयार दिलेला असतो आणि विद्यार्थी तो दोन दिवसांत विसरतात. ज्याने एकदा स्वतः मोजला, तो विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

टोकांवरच्या 12 घटकांना पेन्टॉन म्हणतात आणि उरलेल्या 240 घटकांना हेक्सॉन. टोकावरच्या बिंदूला पाच शेजारी असतात आणि बाकीच्यांना सहा, हे प्रतिकृतीवर बोट ठेवून पाहता येते. येथे एक बारकावा सहज निसटतो. हेक्सॉनला सहा शेजारी असले, तरी तो स्वतः सहा नव्हे, तर एकाच प्रथिनाच्या तीन साखळ्यांनी बनलेला असतो. म्हणजे 240 हेक्सॉनांसाठी त्या प्रथिनाच्या 720 साखळ्या लागतात. पेन्टॉनचा तळ पाच साखळ्यांचा असतो आणि त्यातून तीन साखळ्यांचा एक तंतू बाहेर डोकावतो. तंतूच्या शेंड्याला गाठीसारखा जाड भाग असतो. प्रतिकृतीच्या प्रत्येक टोकावर एक काडी खोचावी. टाइप 5 या प्रकाराचा तंतू सुमारे 37 नॅनोमीटर लांब असतो, तेव्हा आपल्या मापात काडी साधारण 8 सेंटीमीटरची होईल. हे माप कसे आले, ते असे: आपल्या प्रतिकृतीचा टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचा व्यास सुमारे 19 सेंटीमीटर भरतो, खऱ्या कवचाचा सुमारे 90 नॅनोमीटर असतो, म्हणजे आपण त्याला 20 लाखांहून थोडे अधिक पट मोठे केले आहे. याच मापाने मोठी करायची ठरवली, तर घशाच्या अस्तरातली एखादी पेशी 30 ते 40 मीटर रुंदीची होईल.

तिसरा प्रश्न: आत काय आहे आणि ते कोठे वाचले जाईल?

डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1971 साली विषाणूंचे जे वर्गीकरण सुचवले, त्याचा कणा एकच आहे: विषाणूजवळ कोणतेही जनुकद्रव्य असो, त्याला शेवटी पेशीच्या रायबोसोमला वाचता येईल असा संदेशवाहक आरएनए तयार करावाच लागतो. कोणत्याही विषाणूच्या बाबतीत तो आरएनए कोण बनवणार आणि कोठे बनवणार, एवढे विचारले की निम्मे काम झाले.

ॲडिनोव्हायरसमध्ये दुपदरी, सरळ डीएनए असतो. माणसाला होणाऱ्या प्रकारांत त्याची लांबी सुमारे 36 हजार बेस-जोड्यांची असते. एका जोडीला 0.34 नॅनोमीटर धरले, तर हा धागा 12 मायक्रोमीटरहून थोडा लांब भरतो. आपल्या प्रतिकृतीच्या मापात तो 25 मीटर लांब आणि 4 मिलिमीटर जाड दोरा होईल. तेवढा दोरा खरोखर घेऊन प्रतिकृतीत कोंबून पाहावा, कारण कवच बंद करताना जी ओढाताण होते, तीतून आतल्या गाभ्याच्या प्रथिनांचे महत्त्व लक्षात येते. डीएनए ऋण प्रभाराचा असतो, ही प्रथिने धन प्रभाराची असतात आणि त्यांच्यामुळेच धागा दाट वळून बसतो.

आता अनुमान करावे. या विषाणूजवळ डीएनएच्या प्रती काढणाऱ्या स्वतःच्या पॉलिमरेझचे जनुक असते, परंतु डीएनएवरून आरएनए बनवणारे विकर मात्र नसते. ते पेशीच्या केंद्रकात असते, तेव्हा विषाणूला केंद्रक गाठल्यावाचून गत्यंतर नाही. देवीचा विषाणूही दुपदरी डीएनएचा असतो, पण तो आरएनए बनवणारे विकर बरोबर घेऊन येतो आणि म्हणून केंद्रकाबाहेरच सारा कारभार उरकतो. हा अपवाद मुद्दाम लक्षात ठेवावा, म्हणजे नियमाचे कारण विसरले जाणार नाही.

चौथा प्रश्न: पेशीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय घडते?

यासाठी आलेख-कागदावर 0 ते 36 तासांची एक आडवी रेषा ओढावी आणि घटना तिच्यावर मांडाव्यात. घटनांची यादी पाठ करण्यापेक्षा वेळेची रेषा काढणे कधीही चांगले, कारण पुढे येणारा रिकामा काळ यादीत दिसत नाही.

सुरुवातीला तंतूचा गाठीसारखा शेंडा पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनाला चिकटतो. अनेक प्रकारांसाठी हे प्रथिन कार या संक्षिप्त नावाने ओळखले जाते, बी गटातले (गटांची ओळख पाचव्या प्रश्नात येईल) काही प्रकार सीडी46 वापरतात आणि काही डेस्मोग्लीन-2. त्यानंतर पेन्टॉनच्या तळाचा एक छोटा भाग पेशीच्या इंटिग्रिन प्रथिनांना पकडतो आणि पेशी विषाणूला पटलाच्या पिशवीत घालून आत ओढून घेते. हे दोन वेगळे टप्पे आहेत, एक चिकटण्याचा आणि दुसरा आत शिरण्याचा, आणि उत्तरपत्रिकांत त्यांची सर्रास गल्लत होते. पिशवीत शिरेपर्यंत तंतू गळून पडतात, कवच ढिले होऊ लागते आणि आतले सहा क्रमांकाचे प्रथिन मोकळे होऊन पिशवीचे पटल फोडते. सुटलेले कवच पेशीच्या सूक्ष्मनलिकांवरून डायनीन या वाहक प्रथिनाच्या आधाराने केंद्रकाकडे जाते आणि केंद्रकाच्या छिद्रापाशी थांबून डीएनए आत सोडते. हे सारे साधारण तासाभरात उरकते.

या वेळी पेशी फोडून तिच्यात संसर्गक्षम विषाणू शोधला, तर तो जवळजवळ सापडत नाही. शिरलेला विषाणू मोडून पडला आहे आणि नवा अजून तयार झालेला नाही. जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात, त्यांच्या वाढीत असा रिकामा काळ कधीच येत नाही. विषाणूचे भाग सुटे बनतात आणि नंतर जुळवले जातात, हे या रिकाम्या काळावरून सिद्ध होते. आलेखावर हा भाग रंगवून ठेवावा.

केंद्रकात सर्वांत आधी ई1ए हे जनुक वाचले जाते. त्याचे प्रथिन पेशीच्या आरबी या नियंत्रक प्रथिनाला अडकवून ठेवते, त्यामुळे निवांत असलेली पेशी विभाजनाच्या तयारीला लागते आणि डीएनए बनवण्याचा कच्चा माल तयार करू लागते. विषाणूला हवा असतो तो हा माल. अशी अवेळी घाई झाली की पेशी एरवी स्वतःला संपवते, पण ई1बी या जनुकाची प्रथिने तो मार्ग बंद करतात. त्यांपैकी एक ई4 गटातल्या प्रथिनाच्या साथीने पी53 या पहारेकरी प्रथिनाचा नाश घडवून आणते आणि दुसरे आत्मनाशाची प्रक्रिया थेट रोखते. ई3 गटातली जनुके वेगळे काम करतात. त्यांतले एक प्रथिन संसर्ग झाल्याची खूण पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचूच देत नाही, त्यामुळे मारक टी-पेशींना आजारी पेशी ओळखणे कठीण जाते. ई1ए आणि ई1बी यांचे हे काम पाहून कर्करोगाची शंका येणे साहजिक आहे. 1962 साली जॉन ट्रेन्टिन यांनी टाइप 12 हा प्रकार नवजात हॅमस्टरमध्ये गाठी निर्माण करतो असे दाखवलेही होते. माणसात मात्र ॲडिनोव्हायरसमुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही.

सुमारे सहा ते आठ तासांनी डीएनएच्या प्रती निघू लागतात. सरळ धाग्याच्या टोकांशी प्रत काढण्याची एक जुनी अडचण असते: पॉलिमरेझला सुरुवात करायला आधार लागतो आणि टोकाशी तो मिळत नाही. ॲडिनोव्हायरसने यावर काढलेला तोडगा मला या सबंध विषाणूत सर्वांत देखणा वाटतो. एक प्रथिन स्वतःच पहिला न्यूक्लिओटाइड अंगावर घेऊन टोकाशी बसते, तेथून नवी साखळी सुरू होते आणि ते प्रथिन पुढेही त्या टोकाला कायमचे जोडलेले राहते. म्हणून ॲडिनोव्हायरसच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना प्रथिन चिकटलेले आढळते.

प्रती निघू लागल्या की उत्तरकालीन जनुके वाचली जातात आणि हेक्सॉन, पेन्टॉन, तंतू यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होते. या टप्प्याच्या अभ्यासातून जीवशास्त्राला एक मोठी गोष्ट मिळाली. 1977 साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन स्वतंत्र गटांनी या विषाणूचा संदेशवाहक आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्ही धागे सलग जुळायला हवे होते, प्रत्यक्षात डीएनएचे मधले भाग फासासारखे बाहेर लोंबकळताना दिसले. म्हणजे आरएनए सलग वाचून बनलेला नव्हता, मधले तुकडे काढून टाकून उरलेले जोडले गेले होते. जनुके तुकड्यातुकड्यांची असतात आणि आरएनएची अशी काटछाट होते, हे प्रथम येथे कळले. माणसाच्या बहुतेक जनुकांनाही हे लागू आहे. दोघांना 1993 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रथिने रायबोसोमांवर, म्हणजे केंद्रकाबाहेर बनतात, पण जुळणी केंद्रकात होते, म्हणून ती सारी पुन्हा आत आणली जातात. रिकाम्या कवचात डीएनए भरला जातो आणि विषाणूचे स्वतःचे प्रोटिएझ काही प्रथिने ठरावीक जागी कापते. हे कापणे झाल्याशिवाय कण संसर्गक्षम होत नाही, कारण न कापलेले कवच पुढच्या पेशीत शिरल्यावर वेळेवर ढिले पडत नाही. 24 ते 36 तासांच्या सुमारास पेशी फुटते आणि एकेका पेशीतून सुमारे 10 हजार कण बाहेर पडतात. काच-बशीत वाढवलेल्या पेशींवर हा परिणाम साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ओळखू येतो. पेशी फुगून गोल होतात आणि द्राक्षांच्या घडासारख्या एकत्र जमतात.

प्रतिजैविके येथे का चालत नाहीत, याचे उत्तर आता पाठ करावे लागत नाही. ती जीवाणूंच्या पेशीभित्तिकेवर, त्यांच्या रायबोसोमांवर किंवा विकरांवर काम करतात. आपण काढलेल्या रेषेवर यांतले काहीही नाही, रायबोसोम आहेत तेही माणसाचे.

पाचवा प्रश्न: शरीरात काय होते?

माणसाला होणारे ॲडिनोव्हायरस ए ते जी अशा सात गटांत विभागले आहेत. त्यांचे 51 प्रकार जुन्या रक्तद्रव-पद्धतीने ओळखले गेले होते आणि जनुकक्रमावरून केलेल्या मोजणीत ही संख्या 100 च्या पुढे गेली आहे. सगळे पाठ करण्याची गरज नाही. तंतू कोणत्या पेशींना चिकटतो आणि विषाणू शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, यांवरून आजाराची जागा बरीचशी ठरते, एवढे ध्यानात ठेवून काही जोड्या शिकाव्यात. 3, 4 आणि 7 हे प्रकार घसा, ताप आणि लाल डोळे यांचा एकत्रित आजार घडवतात, जो क्लोरीन नीट न घातलेल्या जलतरण तलावांतून पसरल्याच्या नोंदी आहेत. 4 आणि 7 यांनी सैनिकी छावण्यांत इतका त्रास दिला की अमेरिकी सैन्याने 1971 पासून त्यांची गोळीच्या रूपातली लस दिली. ती लस म्हणजे जिवंत विषाणूच असतो. गोळीवरचे वेष्टण जठरात टिकते, विषाणू आतड्यात सुटतो, तेथे आजार न करता वाढतो आणि प्रतिकारशक्ती निर्माण करतो. पुरवठा थांबल्यानंतर छावण्यांत साथी परतल्या आणि 2011 साली लस पुन्हा सुरू करावी लागली. 40 आणि 41 हे प्रकार लहान मुलांत जुलाब घडवतात, त्यांच्या कवचावर लांब आणि आखूड असे दोन जातींचे तंतू असतात. आतड्याविषयीचे आपले अनुमान येथे खरे ठरते. 8, 37 आणि 53 हे प्रकार डोळ्याच्या बुबुळापर्यंत जाणारी साथ आणतात.

श्वसनमार्गाच्या संसर्गात अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, 2 ते 14 दिवसांचा असतो, डोळ्यांच्या साथीत साधारण 5 ते 12 दिवसांचा. धडधाकट माणूस विश्रांती, पाणी आणि तापाचे साधे औषध यांवर बरा होतो. तान्ही बाळे, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे जुने दुखणे असलेली मुले आणि अस्थिमज्जा किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांच्यात मात्र हाच विषाणू जिवावर बेतू शकतो. 2023 च्या पहिल्या काही महिन्यांत पश्चिम बंगालमध्ये मुलांच्या श्वसनविकाराची जी गंभीर साथ आली, तिच्यात ॲडिनोव्हायरस प्रमुख होता. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना डॉक्टर कधीकधी सिडोफोव्हिर हे विषाणूरोधी औषध देतात, पण ते मूत्रपिंडांना अपाय करू शकते. सर्दीतापासाठी देण्याचे ते औषध नव्हे.

मुलाचा श्वास जलद होत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, ते पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, गुंगीत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डोळ्याच्या आजारात उजेड सहन न होणे, तीव्र वेदना किंवा अंधूक दिसणे ही बुबुळ बाधित झाल्याची लक्षणे असू शकतात आणि तेव्हा नेत्रतज्ज्ञच हवा. घरात पडून राहिलेले किंवा दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. त्यांनी लाली उतरते, परंतु विषाणू अधिक दिवस रेंगाळू शकतो आणि मुळात तो आजार नागिणीच्या विषाणूचा असेल, तर बुबुळाची हानी होते.

अनुमाने घरात कशी वापरावीत

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येतात ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि त्यासाठी इतरांच्या सोयीखातर काळा चष्मा लावला जातो. विषाणू नजरेतून जात नाही. तो अश्रूंतून बोटावर, बोटावरून टॉवेलवर, उशीवर, मोबाइलवर आणि तेथून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. चष्म्याचा खरा उपयोग एवढाच की उजेड सुसह्य होतो आणि डोळे चोळण्याला थोडा अडथळा येतो.

हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान 20 सेकंद धुवावेत. साबण या विषाणूला विरघळवत नाही, पण त्याला कातडीवरून सोडवतो आणि पाणी वाहून नेते, म्हणून येथे घासण्याला आणि वाहत्या पाण्याला महत्त्व आहे. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने कोरोनाच्या काळात जे साधले, ते येथे त्याच खात्रीने साधत नाही. आजारी माणसाचा टॉवेल, रुमाल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली दोघांनी वापरू नये आणि एकाच माणसाच्या बऱ्या डोळ्यालाही आजारी डोळ्याचे बोट लावू नये. हा आजार बहुधा एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्यात उतरतो. लाली आणि पाणी येणे चालू असेपर्यंत, म्हणजे काही वेळा दोन आठवडेसुद्धा, संसर्ग पसरू शकतो.

दाराच्या कड्या, नळ, टेबल यांच्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट चांगले. बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल, तर एक भाग द्रावणात नऊ भाग पाणी घालून 0.5 टक्क्याचे मिश्रण होते. पृष्ठभाग आधी पुसून मळ काढावा, मग मिश्रण लावून 10 मिनिटे ओले राहू द्यावे आणि शेवटी साध्या पाण्याने पुसावे. मिश्रण रोजचे रोज करावे, कारण क्लोरीन उडून जातो. संडास साफ करण्याच्या आम्लात ते कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. हे द्रावण कातडीसाठी किंवा डोळ्यासाठी नाही.

तपासणीचा अहवाल कसा वाचावा

नाकाच्या किंवा घशाच्या नमुन्याच्या पीसीआर तपासणीत ॲडिनोव्हायरस आढळला, असा अहवाल आला की आजाराचे कारण सापडले असे समजण्याची घाई होते. येथे 1953 ची हकिकत आठवावी. हा विषाणू टॉन्सिल आणि ॲडिनॉइड यांच्या लसिका-पेशींत महिनोन्‌महिने दडून राहू शकतो, शौचातून आजार बरा झाल्यावरही कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो आणि पीसीआर जनुकद्रव्याचा तुकडा शोधते, संसर्गक्षम कण शोधत नाही. म्हणून अहवालाबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात: नमुना कोठून घेतला, त्यात विषाणूचे प्रमाण किती होते आणि त्याच वेळी दुसरा एखादा विषाणूही सापडला का. घशात सापडणे आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तात वाढत्या प्रमाणात सापडणे, यांत फार मोठा फरक आहे.

विषाणू मोडून लस कशी होते

चौथ्या प्रश्नाची रेषा पुन्हा समोर घ्यावी आणि तिच्यातून ई1, म्हणजे ई1ए आणि ई1बी मिळून होणारा भाग, काढून टाकला तर काय होईल, हे स्वतः लिहून पाहावे. विषाणू चिकटेल, शिरेल, केंद्रकात डीएनए सोडेल, पण तेथेच थांबेल, कारण पुढची जनुके जागीच होणार नाहीत. ई3 ची गरज फक्त शरीरात लपण्यासाठी असते, म्हणून तोही काढता येतो. रिकाम्या झालेल्या जागी दुसऱ्या विषाणूच्या प्रथिनाचे जनुक बसवले की ते पेशीपर्यंत पोहोचवणारे वाहन तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशील्ड अशीच होती. तिच्यात चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसमध्ये कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक घातले होते आणि 0.5 मिलिलिटरच्या एका मात्रेत 5 हजार कोटी कण होते. माणसाचा नेहमीचा टाइप 5 टाळून चिंपांझीचा निवडण्यामागे कारण होते: ज्यांच्या रक्तात टाइप 5 विरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात, त्यांच्यात ती वाहनालाच अडवतात. आता प्रश्न उरतो की वाढू न शकणारा विषाणू कारखान्यात वाढवायचा कसा. त्यासाठी ज्या पेशींच्या डीएनएमध्येच ई1 बसवलेला आहे अशा पेशी वापरतात. 1973 साली नेदरलँड्समधल्या लायडन येथे फ्रँक ग्रॅहम यांनी तयार केलेल्या 293 या पेशी त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध आहेत. हरवलेले प्रथिन पेशी पुरवते, विषाणू तेथे वाढतो आणि माणसाच्या शरीरात तसा पुरवठा नसल्यामुळे वाढू शकत नाही.

हेच प्रश्न दुसऱ्या विषाणूला विचारून पाहावेत

पडताळणीसाठी कॉक्सॅकी ए24 हा विषाणू घ्यावा. 2023 च्या पावसाळ्यात देशभर डोळे येण्याची जी साथ पसरली, तिच्यात अनेक ठिकाणच्या नमुन्यांत हा सापडला होता. त्यालाही आवरण नाही, तेव्हा हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि क्लोरीन वापरणे यांविषयीचे सारे जसेच्या तसे लागू होते. कवच विंशतिफलकच असते, मात्र ते सुमारे 30 नॅनोमीटरचे असते आणि त्यावर तंतू नसतात. आत सुमारे 7,400 बेसचा एकपदरी आरएनए असतो आणि तो रायबोसोमला थेट वाचता येतो. म्हणजे केंद्रकापर्यंत जाण्याची, ई1ए सारख्या जनुकाने पेशीला विभाजनाच्या तयारीला लावण्याची किंवा डीएनएच्या टोकांची अडचण सोडवण्याची त्याला गरजच नाही. पेशीद्रव्यातच सारे काम होते आणि त्याचे चक्र 24 ते 36 तासांऐवजी थोड्या तासांत पुरे होते. आता अधिशयन काळ किती असावा याचा अंदाज वहीत लिहावा आणि मग पुस्तकात पाहावा: ॲडिनोव्हायरसच्या डोळ्यांच्या साथीत तो 5 ते 12 दिवसांचा असतो, कॉक्सॅकी ए24 मध्ये एक ते दोन दिवसांचा.